नखरेल मांजरासाठी ड्राय फूड: आधी पाकीट वाचा, मग मांजराला विचारा

बहुतेक घरांत हे काम उलट्या क्रमाने होतं. पाकिटावरचं चित्र बघून मोठी पिशवी आणायची, जुनं खाणं बंद करून नवं वाटीत ओतायचं, मांजर हुंगून निघून गेलं की दोन दिवसांत दुसरी पिशवी. तिसऱ्या पिशवीपर्यंत मांजराला एवढं पक्कं कळलेलं असतं की तोंड फिरवलं की नवीन काहीतरी येतं. निम्मा नखरा आपणच शिकवलेला असतो.

म्हणून क्रम बदला. पोषणाच्या दृष्टीने चालतील असे दोन-तीन पर्याय आधी तुम्ही ठरवायचे. त्यांतला कुठला, हे मग मांजर ठरवेल.

तयारी

ग्रॅममध्ये मोजणारा काटा, एक वही आणि सध्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो जवळ ठेवा. शिवाय मांजर आत्ता जे खातंय ते किमान तीन आठवडे पुरेल एवढं घरात हवं. जुनं संपत आलं की नवीन शोधायला निघणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. मग बदल हळूहळू करायला वेळच उरत नाही, आणि मांजर उपाशी राहतंय या धास्तीने माणूस हाताला लागेल ते आणतो.

## १. आधी नखरा की आजार ते बघा

जे मांजर पहिल्यापासून चोखंदळ आहे आणि वजन राखून आहे, ते नखरेल. जे कालपर्यंत नीट खात होतं आणि अचानक खायचं थांबलं, ते नखरेल नव्हे. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं.

दात दुखत असले तर मांजर भुकेने वाटीपाशी येतं, तोंड घालतं आणि मागे सरतं. दाणा उचलून खाली पाडतं, एकाच बाजूने चावतं, मान तिरपी करतं. मळमळ होत असेल तर हुंगून ओठ चाटतं, आवंढा गिळतं आणि निघून जातं. नाक चोंदलं असेल तर वासच येत नाही, आणि वास नाही तर मांजराच्या लेखी ते खाणंच नाही. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉईड, तोंडातल्या जखमा या सगळ्यांची सुरुवात पुष्कळदा ‘हल्ली खात नाही’ इथूनच होते.

वाटीशेजारची फरशी पंजाने खरवडणं मात्र यात धरू नका. खाणं आवडलं नाही म्हणून ते पुरतंय, असा अर्थ आपण लावतो. उरलेलं खाणं झाकून ठेवायची ती जुनी सवय आहे. पोटभर खाल्लेलं मांजरसुद्धा तेच करतं.

थांबा: मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. पिल्लासाठी ही मुदत १२ तासांचीही नाही. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा उपाय मांजरावर चालत नाही. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही की शरीरातली चरबी यकृतात साठत जाते आणि यकृत काम करेनासं होतं. लठ्ठ मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

## २. आठवडाभर काहीही न बदलता नोंद करा

रोज सकाळी वाटीत टाकताना मोजा, रात्री उरलेलं मोजा, फरक लिहा. बिस्किटं, वेट फूड, कुणी ताटातून दिलेला तुकडा, सगळं लिहा. घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा, कारण ‘मी फक्त एकच दिलं’ म्हणणारे घरात तिघं असतात.

आमची ठमी दोन महिने वाटीला जेमतेम तोंड लावत होती आणि अंगाने मात्र गोल होत चालली होती. वही चार दिवस लिहिल्यावर आकडे जुळेनात, तेव्हा कळलं की बाई खालच्या मजल्यावर दुपारचं जेवून येतात. तोवर मी दोन पिशव्या बदलल्या होत्या.

नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० कॅलरी पुरतात. ड्राय फूडचे ते ६० ते ७० ग्रॅम होतात, म्हणजे ढीग अगदी लहान दिसतो. वहीतला आकडा याच्या आसपास असेल आणि वजन स्थिर असेल, तर मांजर पुरेसं खातंय. वाटी भरलेली दिसते ती तुम्ही जास्त वाढताय म्हणून. अशा वेळी खाणं बदलायची गरजच नसते.

तपासा: बिस्किटं आणि वरखाऊ मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जातंय का? जात असेल तर आधी ते कमी करा आणि आणखी एक आठवडा बघा. पुष्कळ नखरे इथेच संपतात.

## ३. वाटी आणि जागा

मांजराची शी-लघवीची पेटी (लिटर बॉक्स) आणि खाणं एका कोपऱ्यात नको. पाणीही खाण्यापासून थोडं दूर ठेवा. वाटी पसरट आणि उथळ, शक्यतो काच, चिनी माती किंवा स्टीलची घ्या. प्लास्टिकला बारीक चरे पडतात, त्यात तेल मुरतं आणि धुतल्यावरही वास राहतो. रोज धुवा, कालच्या दाण्यांवर आजचे ओतू नका. घरात दुसरं मांजर असेल तर दोघांच्या वाट्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा. दबून राहणारं मांजर भांडत नाही, ते नुसतं जेवायला येत नाही.

दिवसभर वाटी भरून ठेवणं आता बंद करा. मांजराचा स्वभाव थोडं थोडं, अनेकदा खाण्याचा आहे, त्यामुळे मोजलेलं खाणं चार-पाच वेळांत विभागून द्या. वीस-तीस मिनिटांनी वाटी उचला. पुढच्या चाचणीसाठी थोडी भूक हवी, आणि ती अशानेच येते.

## ४. पाकिटाची मागची बाजू वाचा

इथे घाई नको. दुकानात उभं राहून हे होत नाही. पाकिटांचे फोटो काढा आणि घरी बसून वाचा.

पहिली ओळ: ‘कम्प्लीट’. पाकिटावर कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘सप्लिमेंटल’. दुसऱ्या प्रकारचं रोजचं जेवण म्हणून चालत नाही, ते वरखाऊ आहे. अमेरिकेत एएएफसीओ (पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना) आणि युरोपात फेडियाफ (पाळीव प्राण्यांचं खाणं बनवणाऱ्या उद्योगांचा महासंघ) यांचे पोषणनिकष वापरतात. जबाबदार कंपनी यांपैकी एकाचा उल्लेख करते. एएएफसीओच्या वाक्यात आणखी एक फरक दिसतो: खाणं निकषांनुसार ‘फॉर्म्युलेट’ केलंय की प्रत्यक्ष मांजरांना खाऊ घालून तपासलंय. ही चाचणी मोठ्या मांजरांवर २६ आठवडे चालते. ती केलेली असेल तर चांगलंच, नसेल म्हणून खाणं वाईट ठरत नाही.

ही ओळच नसेल तर पाकीट तिथेच खाली ठेवा, पुढचं वाचायची गरज नाही. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज देऊ नका, ते याच कारणाने. मांजराच्या शरीरात टॉरीन हे अमिनो आम्ल पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू आणि डोळ्याचा पडदा खराब होतो. घटकांच्या यादीत टॉरीन शोधा, बहुतेक वेळा शेवटी शेवटी सापडेल.

दुसरी ओळ: वय. एएएफसीओ दोनच अवस्था मानते: वाढ व प्रजनन, आणि मोठं मांजर. कोरड्या घटकांच्या, म्हणजे ओलावा वगळून केलेल्या हिशेबाने पिल्लांसाठी प्रथिनं किमान ३० टक्के, मोठ्यांसाठी २६ टक्के. ‘सीनियर’ या शब्दासाठी वेगळा निकषच नाही, त्यामुळे म्हाताऱ्या मांजराचं खाणं त्या शब्दावर विसंबून निवडू नका. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं खाणं पिल्लाच्या निकषावर बेतलेलं असतं. सुस्त, नसबंदी झालेल्या मांजराला ते लवकर अंगाला लागतं.

घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि हे वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट असतं. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणीच असतं. म्हणून ‘पहिला घटक ताजं चिकन’ वाचून हुरळून जाऊ नका. दाणा वाळल्यावर ते चिकन बरंच खाली सरकतं. उलट ‘चिकन मील’ आधीच वाळवलेलं असल्याने तिसऱ्या क्रमांकावरही भरपूर प्रथिनं देतं. मी बघते ते एवढंच: पहिल्या तीन घटकांत प्राण्याचं नाव स्पष्ट घेतलेले निदान दोन आहेत का. ‘मीट मील’ असं मोघम लिहिलेलं मला आवडत नाही. आज एक प्राणी, उद्या दुसरा असं होऊ शकतं, आणि नखरेल मांजराला तेवढा फरक पुरतो.

एक युक्ती ओळखा. मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन असे तीन तुकडे करून लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली जातो आणि मांस वर दिसतं. तिघांची बेरीज मनात करा.

‘बाय-प्रॉडक्ट’ वाचून नाक मुरडायचं कारण नाही. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड यांनाच तो शब्द वापरतात, आणि उंदीर पकडलेलं मांजर हे सगळं खातंच.

आकडे. कर्बोदकांचा आकडा बहुतेक पाकिटांवर नसतो, तो काढावा लागतो. शंभरातून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खाण्यातली खनिजं) वजा करा. राखेचा आकडा नसेल तर ८ धरा. समजा प्रथिनं ३४, स्निग्धांश १४, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८. बेरीज ७०, म्हणजे कर्बोदकं ३०. शेजारच्या पाकिटावर प्रथिनं ३०, स्निग्धांश ११ आणि बाकी तेच असेल, तर कर्बोदकं ३७. दोन्ही निकषात बसतात. मी पहिलं घेईन. पाकिटावरचे आकडे ‘किमान’ आणि ‘कमाल’ असतात, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा आहे, पण तुलनेला पुरतो.

वेट फूडशी तुलना करायची तर ओलावा काढून टाका. डब्यावर प्रथिनं १० टक्के आणि ओलावा ८० टक्के असेल तर कोरड्या भागात प्रथिनं निम्मी, म्हणजे ५० टक्के. वरच्या ड्राय फूडमध्ये ३४ भागिले ०.९, म्हणजे जवळपास ३८. डब्यावरचा १० बघून ‘यात काहीच नाही’ म्हणणारे इथे फसतात.

ज्या शब्दांवर वेळ घालवू नये. ‘प्रीमियम’, ‘गोर्मे’, ‘नॅचरल’ यांनी दर्जा कळत नाही. ‘ग्रेन फ्री’ म्हणजे कर्बोदकं कमी असं नाही, धान्याऐवजी वाटाणा किंवा बटाटा घातलेला असतो. रंगीबेरंगी दाणे माणसासाठी असतात. गोडाची चव मांजराला कळतच नाही, तेव्हा साखर दिसली तर ती तिथे का आहे हा प्रश्न कंपनीला विचारण्यासारखा आहे.

थांबा: लघवीच्या खड्यांचं, मूत्रपिंडाचं, मधुमेहाचं ‘प्रिस्क्रिप्शन’ खाणं स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर हा लेख वाचून बंदही करू नका. बोका पेटीत वारंवार बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर तो त्याच क्षणी दवाखान्यात न्यायचा प्रसंग आहे.

## ५. दोन-तीन पर्याय, लहानात लहान पाकीट

पर्याय एकमेकांपेक्षा वेगळे निवडा: एक कोंबडीचा, एक माशाचा, एक वेगळ्या आकाराच्या दाण्याचा. दाण्याचा आकार ही फुटकळ बाब नाही. काही मांजरं दाणा जिभेने उचलतात, काही ओठांत धरतात, आणि चपट्या तोंडाच्या जातींना लहान गोल दाणा निसटून जातो. तुमचं मांजर आत्ताचा दाणा कसा उचलतं ते जमिनीवर बसून, त्याच्या तोंडाच्या उंचीवरून एकदा बघा.

पाकीट उघडल्यावर दोन दाणे बोटांत चुरा. बोटांना तेल लागेल, वास मांसाचा किंवा माशाचा येईल. दाणा तयार झाल्यावर त्यावर चरबी आणि चवीचा थर फवारतात. मांजराला पहिल्यांदा भेटतो तो हाच थर. वास खवट आला, जुन्या तेलासारखा, तर परत करा. ‘कालपर्यंत हेच खात होतं, नवीन पिशवीला तोंड लावत नाही’ या तक्रारीत बरेचदा मांजर बरोबर असतं.

## ६. दोन वाट्यांची चाचणी

जुनं खाणं तसंच चालू ठेवा. जेवणाच्या वेळी आधी दोन सारख्या वाट्या शेजारी ठेवा, प्रत्येकीत ५ ग्रॅम: एकीत पर्याय ‘अ’, दुसरीत ‘ब’. पंधरा मिनिटांनी उचला, उरलेलं मोजा, मग नेहमीचं जेवण द्या. पुढच्या वेळी वाट्यांची जागा अदलाबदल करा. पुष्कळ मांजरं सवयीने एकाच बाजूच्या वाटीकडे जातात. अदलाबदल केली नाही तर तुम्ही चव नाही, बाजू मोजत असता.

हे पाच दिवस करा. पहिल्या दिवसाच्या निकालावर काही ठरवू नका. काही मांजरं नव्याला घाबरतात, काही नव्यावर तुटून पडतात आणि तिसऱ्या दिवशी ढुंकून बघत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी जे निमूट खाल्लं जातंय ते खरं.

तपासा: दोन्हींना नकार असेल तर तिसरा पर्याय आणा, तोही नाकारला तर नवं पाकीट आणू नका. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याकडे परत जा.

## ७. जुन्यातून नव्यात

साध्या मांजराला सात ते दहा दिवस पुरतात, नखरेलाला मी तीन आठवडे धरते. पहिले चार-पाच दिवस दहा टक्के नवं, मग पंचवीस, मग निम्मं, मग पंचाहत्तर. प्रत्येक पायरीवर किमान चार दिवस थांबा. शी पातळ झाली किंवा खाणं उतरलं तर एक पायरी मागे या.

काही मांजरं मिश्रणातून जुना दाणा वेचून खातात आणि नवा वाटीच्या कडेला सारतात. तसं झालं तर दोन्ही दाणे एका बंद डब्यात रात्रभर एकत्र ठेवून बघा, वास मिसळतात. नाहीच जमलं तर मिसळू नका, नवं वेगळ्या वाटीत ठेवा आणि जुन्याचं माप थोडं थोडं उतरवा.

आठवड्यातून एकदा वजन करा. मांजर वाहून न्यायच्या पेटीत ठेवून सामानाच्या वजनकाट्याला टांगा आणि पेटीचं वजन वजा करा. मांजर उचलून घेऊन स्वतः काट्यावर उभं राहण्यापेक्षा हे जास्त नेमकं येतं.

थांबा: ४ किलोच्या मांजराचं वजन या काळात २०० ग्रॅमने उतरलं तर बदल थांबवा, जुनं पूर्ण सुरू करा, डॉक्टरांशी बोला.

## ८. अडलं तर काय करावं, काय करू नये

चमचाभर कोमट पाणी दाण्यांवर शिंपडा. वास उठतो आणि पोटात थोडं पाणीही जातं, जे ड्राय फूडवरच्या मांजराला हवंच असतं. दाण्यात ओलावा जेमतेम १० टक्के, तर डब्यातल्या वेट फूडमध्ये साधारण ७५ ते ८०. भिजवलेले दाणे तासा-दोन तासांत टाकून द्या.

नेहमीचं वेट फूड अर्धा चमचा वरून लावायला हरकत नाही, पण आधीच ठरवा की ते दोन आठवड्यांत कमी करत बंद होणार आहे. माणसांसाठी केलेलं मांसाचं सूप वापरू नका, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजराच्या रक्तपेशी फोडतो. ट्यूना रोज वरून घातला की मांजर ट्यूनाच मागतं. खालचे दाणे कोरडेच राहतात.

औषधाची गोळी नव्या खाण्यात कधीही लपवू नका. कडू लागलं किंवा त्यानंतर मळमळलं तर मांजर दोष त्या खाण्याला देतं आणि महिनोन्महिने विसरत नाही. दवाखान्यातून आल्या दिवशी नवीन खाणं सुरू न करण्याचं कारणही हेच.

आणि वाटीपाशी उभं राहून लाडीगोडी नको. हातावर भरवलं की एकदा खातं, मग हाताशिवाय खात नाही. माझ्या घरात हा धडा वर्षभर चालला.

## ९. साठवण

दाणे मूळ पिशवीतच ठेवा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. नुसत्या डब्यात ओतलं की तळाला जुन्या तेलाचा थर राहतो, नवे दाणे त्याला लागतात, आणि बॅच नंबर व तारीख पिशवीबरोबर कचऱ्यात जाते. उघडल्यापासून चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्या. रोज ६० ग्रॅम खाणाऱ्या मांजराला महिन्याला दोन किलोही लागत नाहीत. मोठी पिशवी स्वस्त पडते खरी, पण तिचा शेवटचा भाग मांजर खात नाही. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर दमट होतं. उघडल्याची तारीख पिशवीवर पेनाने लिहा.

## १०. पुढचे सहा आठवडे

वही चालू ठेवा, पण आता रोजची नको. आठवड्याला वजन, शी घट्ट आहे का, उलट्या किती, पाणी अचानक वाढलं का, पेटीतले लघवीचे गोळे नेहमीएवढे आहेत का, अंगावर खाज किंवा कोंडा आहे का. कातडी आणि केसांवरचा फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत निकाल लावू नका.

एखाद्या दिवशी मांजर अर्ध्यावर सोडून गेलं तर वाटी उचला, पुढच्या वेळी तेच द्या. चाचणीत दुसरा आलेला पर्याय महिन्यातून काही दिवस मिसळून देत राहा, म्हणजे पहिला कधी मिळेनासा झाला तर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. तिसरी पिशवी आणायला मात्र घराबाहेर पडू नका.